पत्र्याचा कान : एका निकालपत्राचे वाचन

१

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका न्यायालयात १९८७ साली एक वृद्ध स्त्री साक्ष देत होती. सरकारदप्तरी तिचे नाव मेरी जॉन्सन. तिच्या गिटक्सान लोकांत ती अँटगुलिलिबिक्स. हे दुसरे नाव तिला बारशाला मिळालेले नव्हते. ते तिच्या घराण्याचे होते. तिच्याआधी इतरांनी ते धारण केले होते आणि तिच्यानंतरही कोणीतरी करणार होते. घराण्याचा इतिहास सांगता सांगता ती अशा जागी आली, की पुढे बोलून भागणार नव्हते, गावे लागणार होते. तिथे एक दुःखगीत येते आणि ते गायल्याशिवाय कथन पुरे होत नाही.

न्यायमूर्ती अ‍ॅलन मॅकेकर्न अस्वस्थ झाले. गाण्याचे शब्द लिहून दिले तर पुरणार नाही का, असे त्यांनी विचारले. खटला चालवण्याची ही योग्य रीत नव्हे, असेही ते म्हणाले. आणि मग, आपला कान टिनचा आहे, आपल्यापुढे गाऊन काही उपयोग होणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. ज्याला गाण्यातले काही कळत नाही त्याच्यासाठी इंग्रजीत हा वाक्प्रचार आहे. मी त्याचे मराठी 'पत्र्याचा कान' असे करतो. अखेर ती गायली. न्यायमूर्तींनी ऐकून घेतले.

खटल्याची चित्रे काढणाऱ्या डॉन मोनेट यांनी या प्रसंगावर व्यंगचित्र काढले. त्यात मेरी जॉन्सनच्या हातात डबा फोडायचे यंत्र आहे. या चित्रामुळे तो प्रसंग पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. सगळ्यांचा रोख एकच, न्यायमूर्तींवर हसण्याचा. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो होतो. हा निकाल मी इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, महिनोन्‌महिने, तुकड्यातुकड्याने वाचला. वाचून होईपर्यंत हसू ओसरले होते. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख आहे.

'डेलगमूक' खटल्यावर कायदेपंडितांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. मी यांपैकी कोणी नाही. मी तो एक संहिता म्हणून वाचतो. साहित्याचा वाचक एखादी कादंबरी वाचताना विचारतो, की इथे निवेदक कोणावर विश्वास ठेवतो, कोणाचे बोलणे तो अवतरणात टाकतो आणि कोणाचे स्वतःच्या वाक्यात मिसळून घेतो. तेच प्रश्न मी निकालपत्राला विचारले.

२

आधी खटल्याची हकीकत थोडक्यात. उत्तरेकडच्या स्कीना आणि बल्कली नद्यांच्या खोऱ्यांत गिटक्सान आणि वेट्सुवेटेन हे दोन समाज राहतात. त्यांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी १९८४ साली सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर भूभागावर दावा लावला. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी ही जमीन. या बहुतेक प्रांतात सरकारने मूळ रहिवाशांशी कधी तहच केलेला नव्हता. त्यामुळे प्रश्न सरळ होता : आम्ही जमीन विकली नाही, हरलो नाही, लिहूनही दिली नाही, मग ती तुमची कधी झाली?

खटल्याला नाव मिळाले ते पहिल्या वादीचे. पण 'डेलगमूक' हेही धारण करायचे नाव आहे. खालच्या न्यायालयाच्या निकालात हे नाव धारण करणारे केन मल्डो आहेत, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात अर्ल मल्डो. माणूस बदलला, वादी बदलला नाही. न्यायालयाच्या नोंदवहीला हे 'ऊर्फ' लावून लिहावे लागले आणि मला वाटते, दोन्ही बाजूंची सगळी अडचण त्या एका 'ऊर्फ'मध्ये आहे.

खटला ३७४ दिवस चालला. ६१ साक्षीदार प्रत्यक्ष उभे राहिले, त्यांतले कित्येक दुभाष्यामार्फत बोलले. त्यांनी पुराव्यादाखल आणला तो गिटक्सानांचा 'अदाऊक' आणि वेट्सुवेटेनांचा 'कुंगाख'. अदाऊक म्हणजे घराण्याचा अधिकृत इतिहास : पूर्वज कुठून आले, कुठल्या डोंगरावर काय घडले, कुठल्या नदीवरचा मासेमारीचा हक्क कसा मिळाला. कुंगाख हे गाणे किंवा नृत्य असते आणि त्याने ते घराणे आपल्या जमिनीशी बांधलेले असते.

आपल्याकडचा वाचक इथे लगेच 'लोककथा' म्हणेल. तिथेच त्याची फसगत होईल. अदाऊक चुलीपाशी सांगायची गोष्ट नव्हे. ती मेजवानीच्या सभागृहात, इतर घराण्यांच्या प्रमुखांसमोर सांगायची असते. बोलावलेले पाहुणे हे साक्षीदार असतात आणि साक्षीसाठी त्यांना मानाच्या भेटी दिल्या जातात. यजमानाने हद्द चुकीची सांगितली, दुसऱ्याचे शिखर आपले म्हणून घातले, तर तिथल्या तिथे आक्षेप घेण्याचा त्यांना अधिकार आहे. ते गप्प बसले तर ती त्यांची संमती. म्हणजे कथन, साक्ष, उलटतपासणी आणि नोंद एकाच जागी होते. ते सभागृह हेच त्यांचे न्यायालय आणि तेच दुय्यम निबंधकाचे कार्यालय.

कॅनडाने १८८४ साली कायदा करून या मेजवान्यांवर बंदी घातली. १९२७ साली जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणे आणि वकील लावणेही जवळजवळ अशक्य करून टाकले. दोन्ही बंद्या १९५१ पर्यंत राहिल्या. दस्त नोंदवण्याची कचेरी सदुसष्ट वर्षांच्या आसपास बेकायदा ठरवायची आणि नंतर म्हणायचे, तुमच्याकडे नीट दस्त दिसत नाहीत, असा हा प्रकार होता.

३

मॅकेकर्न यांचा निकाल ८ मार्च १९९१ रोजी आला. जवळजवळ चारशे पानांचा. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : हा आळशी माणसाचा निकाल नाही. त्यांनी तीन वर्षे ऐकले, स्वतः मोटारीने आणि हेलिकॉप्टरने त्या मुलखात फिरून आले, आणि लिहितानाही वाचक हरवणार नाही अशा भाषेत लिहिले. वाईट निकालपत्रे बहुधा वाईट गद्यात असतात, हे तसे नाही. म्हणूनच ते वाचायला हवे.

अदाऊक त्यांनी पुरावा म्हणून दाखल करून घेतला, पण त्याला स्वतंत्र वजन दिले नाही. दुसऱ्या पुराव्याने काही सिद्ध होत असेल तर त्याला दुजोरा देण्यापुरताच त्याचा उपयोग. कारणे अशी, की त्यात घडलेले आणि मानलेले वेगळे करता येत नाही, दैवकथा मिसळलेल्या आहेत आणि भूतकाळाकडे पाहण्याची दृष्टी भावुक आहे.

हे निकष घटकाभर मान्य करू. मग त्यांनीच मानलेल्या पुराव्याला ते लावून पाहू. १८२०च्या दशकात हडसन्स बे कंपनीचा विल्यम ब्राऊन नावाचा व्यापारी त्या भागातल्या ठाण्यावर होता. त्याच्या नोंदी न्यायमूर्तींना फार मोलाच्या वाटल्या, तो त्यांना उपयुक्त इतिहासकारच वाटला. ब्राऊन कशासाठी लिहीत होता? कातड्यांचा व्यापार का वाढत नाही, याचे उत्तर वरिष्ठांना देण्यासाठी. त्याला भाषा कितपत येत होती, कोण त्याला काय आणि का सांगत होते, हे प्रश्न त्याला विचारता येत नाहीत, कारण तो उलटतपासणीला उभा नव्हता. मेरी जॉन्सन उभी होती. जी उलटतपासणीला उभी राहिली तिचे बोलणे 'श्रद्धा' आणि जो राहिला नाही त्याची वही 'इतिहास', अशी ही वाटणी आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. संपर्कपूर्व काळातले जीवन सुखाचे नव्हते हे सांगताना न्यायमूर्ती तिथे लेखन नव्हते, घोडे नव्हते, चाकाची वाहने नव्हती, अशी यादी देतात आणि थॉमस हॉब्ज याची प्रसिद्ध विशेषणे वापरतात : ओंगळ, पाशवी आणि अल्पायुषी. हॉब्जचे पुस्तक १६५१ सालचे. त्याने स्कीना नदी पाहिलेली नव्हती. राज्यसंस्था नसेल तर माणसाचे काय होईल, हे दाखवण्यासाठी त्याने ते चित्र रचले होते. म्हणजे लंडनच्या एका तत्त्वज्ञाची कल्पना निकालात वर्णन म्हणून येते आणि त्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचे कथन कल्पना म्हणून बाहेर राहते. दैवकथा दोन्हीकडे आहेत. एकीला तळटीप लागली एवढाच फरक.

तिसरे उदाहरण त्या प्रवासाचे. मुख्य नदीखोरे सोडल्यावर सर्वांत डोळ्यांत भरते ती त्या मुलखाची रिकामी अवस्था, असे न्यायमूर्ती लिहितात. मला हे वाक्य संपूर्ण निकालाची किल्ली वाटते. वरून पाहणाऱ्याला शिकारीची वाट दिसत नाही, सापळ्यांची रांग दिसत नाही, कोणत्या ओढ्याशी कोणते नाव जोडले आहे हे दिसत नाही. ती नावे ज्या कथनात होती ते आधीच बाजूला ठेवले, म्हटल्यावर जमीन रिकामीच दिसणार. आधी कान बंद झाला, मग डोळे.

सीली सरोवराची गोष्टही इथे सांगायला हवी. एका अदाऊकात मेडीक नावाचा अस्वलासारखा अद्भुत प्राणी डोंगरावरून झाडे मोडत सरोवरात उतरतो आणि माणसांचा संहार करतो. वादींनी भूशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राचा पुरावा आणला : सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे खरोखर मोठी दरड कोसळली होती. न्यायमूर्तींना तेवढ्याने पटले नाही. पण मला या पुराव्याबद्दल वेगळीच शंका येते. मेडीक म्हणजे दरड, असे म्हटल्यावर मेडीकची गरज उरते का? कथनाला खरे ठरवण्यासाठी ते दुसऱ्या भाषेत फोडून दाखवावे लागले आणि फोडताना त्यातला 'का' गळून पडला. त्या कथेत संहाराला कारण आहे, माणसांनी सोडलेली मर्यादा आहे. दरडीला कारण पावसाचे. वादींच्या बाजूने झालेल्या या वाचनातही गाण्याचे शब्द लिहून मागण्याचाच प्रकार थोडासा होता, असे मला वाटते.

४

११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल बाजूला ठेवला. सरन्यायाधीश अँटोनिओ लामेर यांनी लिहिले, की मौखिक इतिहासाला लेखी दस्तांच्या बरोबरीने स्थान दिले पाहिजे. मॅकेकर्न यांनी लावलेली कारणे लावली तर कोणताच मौखिक इतिहास कधीच टिकणार नाही, कारण ती कारणे एखाद्या कथनातल्या दोषाची नसून मौखिकतेचीच आहेत. समीक्षक म्हणून मला हे विधान फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या कवितेत कथानक नाही म्हणून तिला नापास करणाऱ्या परीक्षकाला असेच सांगावे लागते.

पण या निकालाचा गौरव करताना पुढचे पान वाचायचे राहून जाते. जमीन त्यांची आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. वेगवेगळ्या घराण्यांचे दावे नंतर दोन सामूहिक दाव्यांत एकत्र केले होते, त्या मांडणीतल्या दोषामुळे आणि पुराव्याच्या चुकीच्या वजनामुळे फेरसुनावणी सांगितली, शक्यतो वाटाघाटींनी मिटवा म्हटले, आणि शेवटी आपण सगळेच इथे राहणार आहोत, अशा अर्थाच्या वाक्याने समारोप केला. शेती, जंगलतोड, खाणी, जलविद्युत, बाहेरून आलेल्यांच्या वसाहती, अशा कारणांसाठी सरकार त्या हक्कावर अतिक्रमण करू शकते, अशी यादीही त्याच निकालात आहे. गाणे ऐकले गेले, पण दार उघडले ते अर्धेच.

ती फेरसुनावणी कधी झालीच नाही. जमिनीवरचा हक्क घोषित करणारा निकाल आला तो शेजारच्या त्सिलकोतिन लोकांच्या खटल्यात, २०१४ साली, सुमारे १,७५० चौरस किलोमीटरांपुरता. त्याच्या मुळाशी न्यायमूर्ती डेव्हिड विकर्स यांच्यापुढची ३३९ दिवसांची सुनावणी होती. त्यातले काही आठवडे न्यायालय त्या लोकांच्या खोऱ्यात जाऊन बसले होते. ऐकण्यासाठी कान बदलावा लागतो, तसे ठिकाणही बदलावे लागते. वेट्सुवेटेनांच्या जमिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आणि २०२०च्या आरंभी गॅसवाहिनीच्या वादात पोलीस तिथे शिरले, तेव्हा देशभर रेल्वेमार्ग अडवले गेले. वंशपरंपरागत प्रमुखांचा वाहिनीला विरोध होता. कायद्याने निर्माण केलेल्या निवडून आलेल्या मंडळांपैकी अनेकांनी करार केले होते. जमिनीच्या वतीने बोलायचे कोणी, हा १९८७चाच प्रश्न होता.

५

आता आपल्याकडे येतो. मॅकेकर्न यांना हसणाऱ्या मराठी वाचकाने आपल्या इतिहासलेखनाचा कान कशाचा आहे, तेही पाहावे.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. अस्सल कागद हेच साधन, बखर संशयास्पद, हा दंडक तिथून रुजला. त्याने मराठी इतिहासाला शिस्त लावली, हे ऋण मोठे आहे. मी स्वतः विद्यापीठाबाहेर जे थोडेफार शिकलो ते त्याच शिस्तीतून. पण गावोगावच्या दप्तरांतून सापडलेल्या कागदांत महजरही असतात. महजर म्हणजे काय? वतनाचा किंवा शिवेचा तंटा झाला की गोतसभा बसे, जाणत्यांच्या जबान्या होत, निवाडा होई आणि तो लिहिला जाई. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या अवजारांच्या. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या बोलण्यावर तो कागद उभा आहे. आपण कागदाला अस्सल म्हणालो आणि त्याच्या आतला आवाज विसरलो. गिटक्सानांचे सभागृह आणि आपली गोतसभा यांत एक कारकून सोडला तर तत्त्वतः फारसे अंतर नाही.

पुढे रा. चिं. ढेरे यांनी लोकगीते आणि स्थळकथा साधन मानून दैवतांचा इतिहास लिहिला आणि आपण तो आदराने स्वीकारला. देवाचा इतिहास आपण ओवीवरून लिहू दिला. जमिनीचा मात्र सातबाऱ्यावरूनच.

६

वनहक्क कायदा २००६ सालचा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासूनचे. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले आहे. नियम तेरामध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, नकाशे, मतदार ओळखपत्र येते. घर, बांध, सपाटीकरण येते. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने येतात. आणि शेवटी येते, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे निवेदन. 'दावेदार सोडून' हे शब्द मला फार शहाणे वाटतात. दुसऱ्या घराण्याचा पाहुणाच साक्षीदार हवा, हे स्कीनाकाठचे तत्त्व नकळत आपल्या राजपत्रात आले आहे.

पण त्या निवेदनाला जोडलेला इंग्रजी शब्दप्रयोग आहे 'रिड्यूस्ड इन रायटिंग'. वकिली भाषेत त्याचा अर्थ फक्त लिहून घेतलेले. शब्दशः पाहिले तर घटवलेले. काय घटते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी अशी निवेदने लिहून देत होतो. दावा एका तरुणाचा आणि निवेदन शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याचे. तो आपल्या बोलीत सांगे आणि तरुण मला मराठीत सांगे. दोन संध्याकाळी ते चालले. म्हातारा शेत चतुःसीमांनी सांगत नव्हता. या मोहाखाली अमक्याची आई बाळंत झाली, त्या बांधाचे दगड बहात्तरच्या दुष्काळाआधी वाहिले, इथे या पोराच्या आज्याच्या नावाचा दगड उभा केला, तिथे गार्डाने दंड केला आणि वर कोंबडी नेली. मध्येच तो आज्याच्या मरणाचे गाणे म्हणू लागला. मी घड्याळ पाहिले. सकाळी तालुक्याला जायचे होते.

"बाबा, गाणं राहू द्या. किती वर्षं कसतात तेवढं सांगा."

तो थांबला. म्हणाला, "तेच सांगतो ना, भाऊ."

मी अर्धे पान लिहिले : नाव, वय, कक्ष क्रमांक, अमुक वर्षांपासून कसत असल्याचे माहीत आहे. खाली अंगठा. दावा परत आला. नियमाप्रमाणे एकाहून अधिक पुरावे हवेत आणि दुसरा पुरावा जोडलेला नाही, असा शेरा होता. समितीला मी बोल लावत नाही, कारण दुसरा पुरावा त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातच होता. बांध होता, आज्याचा दगड होता, दंडाची हकीकत होती. यादीतल्या तीन बाबी त्याने क्रमाने सांगितल्या होत्या आणि मी त्या पाल्हाळ म्हणून गाळल्या होत्या. त्याचे गाणे कुठे थांबले असते? बहुधा त्या दगडापाशीच.

आम्ही पुन्हा गेलो. बांध मोजला, दगडाचा फोटो घेतला, ग्रामसभेचा पंचनामा जोडला. दावा मंजूर झाला, मागितलेल्या क्षेत्राच्या निम्म्याहून कमी. गाणे मात्र लिहून घेता आले नाही. मधल्या पावसाळ्यात म्हातारा गेला होता.

मॅकेकर्न यांच्याबद्दल माझे मत यामुळे बदलले, असे नाही. त्यांचा निकाल चुकीचाच होता. पण आपला कान पत्र्याचा आहे, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले आणि ते नोंदीत राहिले. म्हणून दहा वर्षांनी वरच्या न्यायालयाला ती चूक नेमकी दाखवता आली. माझे अर्धे पान वाचून कोणाला कळले असते, की त्यातून काय गेले? गाळणाऱ्याचे नाव त्या कागदावर कुठेच नसते.

तेव्हापासून मी निवेदन दोनदा लिहितो. आधी सांगणारा सांगेल त्या क्रमाने, गाण्यासकट, लागतील तेवढी पाने. मग नियमाला लागते तेवढे एक पान. दोन्ही एकत्र जोडतो. वरची पाने कोणी वाचते की नाही, हे दावेदाराला विचारले तर तो हसतो. पण ती पाने ग्रामसभेत वाचून दाखवावी लागतात. तेव्हा मागे बसलेले कोणीतरी उठून म्हणते, ते शेत तिथे संपत नाही, आणखी पुढे आहे. मग मी खोडून पुन्हा लिहितो.